जॅलोपीचं मॉडेल: गंज नंतर, आधी शर्यत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९३४च्या फोर्ड पाच-खिडकी कूपचं १/२५ मापाचं किट घेतलं आणि त्यातून १९५०च्या दशकातली अमेरिकन जॅलोपी, म्हणजे जुन्या स्वस्तातल्या मोटारीतून केलेली रेस कार, करायला घेतली. मडगार्ड आणि बॉनेटच्या बाजू काढल्या, रंग दिला, वरून तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) फिरवला, गंजाची पावडर लावली. तरी गाडी शर्यतीतली वाटत नाही, परसात टाकून दिलेली वाटते. तेव्हा गंज अजून वाढवू का, दारावर लावायला किटमधले आकडे चालतील का, आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र) घ्यावाच लागेल का, हे तुमचे तीन प्रश्न. सोबत मॉडेलचा फोटोही पाठवलात.

गंज वाढवू नका. उलट आहे त्यातला बराचसा पुसा. तुमचं निदान अगदी बरोबर आहे, फक्त औषध रोग वाढवणारं निवडलंय. परसात उभी असलेली गाडी गंजते. दर आठवड्याला शर्यतीत उतरणारी गाडी चेपते, खरचटते, चिखलाने माखते, मग पुढच्या शनिवारच्या आत ठोकून सरळ होते आणि तिच्यावर पुन्हा रंगाचा हात फिरतो. या दोन गाड्यांच्या अंगावरच्या खुणा वेगळ्या असतात, आणि तुम्ही पहिलीच्या खुणा दुसरीवर लावल्यात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मोटारी भंगाराच्या भावात मिळत होत्या. तरुण पोरं त्या उचलायची, काचा-दिवे-मडगार्ड काढायची, दारं वेल्डिंग करून किंवा पट्ट्याने बांधून बंद करायची, आत पाइपाची कमान बसवायची आणि मातीच्या लंबगोल ट्रॅकवर पळवायची. गाड्या स्वस्तातल्या होत्या, पण शर्यती खऱ्या. १९६३ची इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली मानाची शर्यत जिंकणारा पार्नेली जोन्स १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गार्डिना इथल्या कॅरेल स्पीडवेवर जॅलोपीतूनच सुरुवात करून वर आला. तेव्हा मॉडेल करताना ‘भंगार गाडी’ असं डोक्यात ठेवू नका. जिच्यावर खर्च करायला पैसे नाहीत, पण जी उद्या पळलीच पाहिजे, अशी गाडी डोक्यात ठेवा.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मी ठरवू शकत नाही. एखाद्या खऱ्या गाडीची प्रतिकृती करायची असेल तर माझं पुढचं निम्मं बोलणं बाजूला ठेवा आणि फोटोत दिसेल तसं करा. नुसती त्या काळातली वाटेल अशी गाडी हवी असेल तर तीन गोष्टी आधी ठरवा: ट्रॅक कुठला, हंगामाची सुरुवात की शेवट, आणि शर्यतीच्या आधीची गाडी की नंतरची. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतल्या गाडीला आरपार सडलेला पत्रा शोभणार नाही. थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात अशा राज्यातली असेल तर दाराच्या खालच्या कडा खाल्लेल्या दाखवल्या तरी चालतील. हंगामाच्या पहिल्या दिवशी गाडी अगदी ताज्या रंगाचीही असू शकते, आणि तसं मॉडेल करायला कोणाची ना नाही. मी स्वतः ‘हंगामाचा मध्य, शर्यत नुकतीच संपलेली’ हा क्षण धरतो, कारण त्यात दुरुस्त झालेले जुने घाव आणि आजचे ताजे घाव दोन्ही दाखवता येतात.

मापाचं आधी बोलू, कारण खेळण्यासारखी दिसण्याचं खरं मूळ बहुतेक वेळा रंगात नसतं, जाडीत असतं. १/२५ मापाची एक सोय लक्षात ठेवा: खऱ्या गाडीतला एक इंच म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ एक मिलिमीटर. १९३४च्या फोर्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, ११२ इंच, मॉडेलमध्ये ११४ मिमीच्या आसपास. अमेरिकन गाड्यांची सगळी कागदपत्रं इंचातच असल्यामुळे कॅल्क्युलेटर लागतच नाही. आता हाच हिशेब उलटा करा. किटच्या बॉडीचं प्लास्टिक सव्वा ते दीड मिलिमीटर जाड असतं. म्हणजे खऱ्या गाडीत सव्वा-दीड इंच जाडीचा पत्रा! प्रत्यक्षात तो एक मिलिमीटरच्या आतबाहेर होता. मडगार्ड जागेवर असतात तोवर ही जाडी लपते. तुम्ही मडगार्ड काढली आणि मागच्या चाकावरची कमान, खिडक्यांच्या चौकटी, बॉनेटच्या बाजू, सगळीकडे ती उघडी पडली. त्यावर कितीही सुंदर गंज लावा, डोळ्याला प्लास्टिकच दिसणार.

उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. अख्खी बॉडी पातळ करायची नाही, फक्त जिथे कड दिसते तिथे. गोल पात्याने आतल्या बाजूने, कडेपासून चार-पाच मिलिमीटरच्या पट्ट्यात, उतार देत खरवडत जा. मधूनमधून कड दिव्यासमोर धरा. प्लास्टिकमधून उजेड झिरपायला लागला की थांबा आणि चारशेच्या वॉटर पेपरने हलका हात फिरवा. काचा नसल्यामुळे खिडक्यांच्या चौकटी सगळ्यात जास्त दिसतात, तिथे आळस करू नका.

मागच्या चाकाच्या कमानीवर अजून एक गोष्ट आहे, जी केल्यावर गाडी एकदम बदलते. ही मडगार्ड बॉडीला बोल्टने जोडलेली असायची. ती काढली की कमानीच्या कडेने भोकांची रांग मागे राहते. ०.४ मिमीच्या ड्रिलने, कडेला समांतर, तीन-चार मिलिमीटर अंतरावर भोकं पाडा. एखाद्या भोकाच्या खाली पत्रा किंचित फाटलेला दाखवा, कारण जाम झालेला बोल्ट कोणीतरी छिन्नीने उडवलेला असणार. फुटबोर्ड काढल्यावर चॅसीची बाजूही उघडी पडते. तिच्यावरचे साच्याचे गोल ठसे पुट्टीने भरून घ्या, नाहीतर ते बोल्टांपेक्षा जास्त उठून दिसतात.

पाइपाची कमान. इथे बहुतेक जण आजच्या रेस कारसारखा नळ्यांचा पिंजरा करून बसतात. त्या काळी बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या मागे एक कमान, मागे जाणारे एक-दोन टेकू, एवढंच असायचं, आणि पाइप बहुधा हाताशी मिळेल तो. आपल्याकडे प्लंबर ज्याला दीड इंची पाइप म्हणतो त्याचं बाहेरचं माप ४८.३ मिमी असतं, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास दोन मिलिमीटर. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात १४ गेजची तांब्याची तार मिळते, ती बरोबर दोन मिलिमीटरची. गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा, ती मऊ पडते. मग मार्कर पेनाच्या अंगावरून वाकवली की वळण सुरेख येतं, मध्ये चपटं होत नाही. स्टायरिनची (किटच्याच प्लास्टिकची) कांडी वाकवण्यापेक्षा हे मला केव्हाही पसंत. जोडावर फेविक्विकचा बारीक थेंब आणि त्यावर पुट्टीची ओबडधोबड वळी ठेवा. वेल्डिंग फार देखणं करू नका, ते बहुधा गल्लीतल्या गॅरेजमध्ये झालेलं असायचं. पुढच्या-मागच्या धक्कापट्ट्या, म्हणजे बंपरच्या जागी बसवलेले पाइप, याच तारेतून होतात.

दाराचा पट्टा मास्किंग टेपचा करा, दोन मिलिमीटर रुंद, चामड्याच्या रंगाचा. सीटबेल्टही त्याच टेपचा. युद्धानंतर लष्कराचा शिल्लक माल बाजारात स्वस्त आला होता, त्यातले विमानाचे कमरपट्टे शर्यतवाल्यांनी भरपूर वापरले. त्यामुळे मळका खाकी किंवा हिरवट रंग बरोबर दिसतो, काळाभोर बेल्ट खोटा वाटतो. सीट एकच ठेवा, शेजारची काढून टाका.

इंजिनाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण बॉनेटच्या बाजू काढल्यात म्हटल्यावर ते दिसणार. फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ १९३२ मध्ये आलं, २२१ क्युबिक इंचाचं, म्हणजे ३.६ लिटर. सिलिंडर एका बाजूला चार, पण एक्झॉस्टची तोंडं एका बाजूला तीनच, कारण मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच तोंड आहे. लोक हौसेने स्वतः पाइप बनवायला जातात आणि हमखास चार-चार लावतात. गाड्यांची जाण असलेला माणूस मॉडेलजवळ आला की पहिलं तेच मोजतो. या इंजिनात एक्झॉस्टचा मार्ग ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या कप्प्यातून बाहेर जातो, त्यामुळे ते गरम होण्यासाठी प्रसिद्ध होतं. त्यात रेडिएटरवर चिखल बसला की संपलंच. म्हणून रेडिएटरपुढे जाळी लावा. जुन्या चहाच्या गाळणीची जाळी या मापात अर्धा इंची जाळीच्या जवळपास जाते. किटमध्ये तीन कार्ब्युरेटरचा चकचकीत संच असेल तर तो डब्यातच राहू द्या, एकाच कार्ब्युरेटरचं साधं इंजिन या गाडीला शोभतं.

तीच गोष्ट एकूण ठेवणीची. हॉट रॉड (वेगासाठी आणि दिमाखासाठी बदललेली जुनी गाडी) आणि जॅलोपी एकाच गाडीपासून होतात आणि किट बहुधा हॉट रॉडकडे झुकलेलं असतं: पुढून खाली, टप कापलेला, क्रोमची चाकं. जॅलोपी मूळ उंचीवर किंवा थोडी वरच उभी असते, टप शाबूत. चाकं १९३४च्या तारांच्या चाकांऐवजी १९४०च्या फोर्डची सोळा इंची पत्र्याची चाकं लावा. बोल्टांची मांडणी तीच असल्यामुळे ती या गाड्यांवर सरळ बसायची, आणि आडव्या माराला तारांच्या चाकांपेक्षा टिकायची. उजवं पुढचं चाक जादा पत्रा वेल्ड करून मजबूत केलेलं दाखवलंत तर उत्तम.

उजवंच का? इथे तुमच्या मूळ प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

या शर्यती घड्याळाच्या उलट दिशेने होत, सगळी वळणं डावीकडे. मातीवर गाडी वळणात सरळ जात नाही, शेपूट उजवीकडे बाहेर टाकून घसरत जाते आणि ड्रायव्हर पुढची चाकं उजवीकडे वळवून तिला सावरतो. एवढं एक चित्र डोळ्यांपुढे आणलं की गाडीवरची प्रत्येक खूण कुठे पडायची ते आपोआप ठरतं. बाहेरची भिंत किंवा कुंपण उजवीकडे, म्हणून मागचा उजवा कोपरा सगळ्यात जास्त चेपलेला. तिथली धक्कापट्टी आत वळलेली, तिच्यावर कुंपणाच्या रंगाचे ओरखडे. डाव्या बाजूने दुसऱ्या गाड्या आत घुसतात, म्हणून डाव्या दारावर टायर घासल्याचे काळे पट्टे आणि धक्कापट्टीच्या उंचीवर लांबट पोचे. पुढच्या चाकांना मडगार्ड नाही, म्हणून चिखलाचा झोत उडून दारांवर आणि दारांपुढच्या पत्र्यावर, तोही वर-मागे पंख्यासारखा पसरत जाणारा. पुढच्या गाडीने उडवलेलं ढेकूळ रेडिएटरच्या जाळीवर आणि टपाच्या पुढच्या कडेवर. टपाचा मधला भाग मात्र जवळजवळ स्वच्छ, फक्त धूळ. तुमच्या फोटोत टप आणि दार सारखेच मळलेले आहेत, डावी-उजवी बाजू आरशात बघावी तशी एकसारखी आहे. डोळा तिथेच अडखळतो, कारण सगळीकडे सारखं काय पडतं, तर पाऊस. मॉडेल मांडताना पुढची चाकंही किंचित उजवीकडे वळवून ठेवा, बघा काय फरक पडतो तो.

पोचे करायची माझी पद्धत: हव्या त्या जागी आतून प्लास्टिक कागदासारखं पातळ करायचं, मग गरम पाण्यात बुडवलेल्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीने बाहेरून दाबायचं. मेणबत्ती नको, प्लास्टिक एका क्षणात वितळून त्याचा गोळा होतो. धक्क्याने मुरगळलेली पट्टी किंवा सुटा पत्रा हवा असेल तर हॉटेलच्या पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा कापा, तो हाताने खऱ्या पत्र्यासारखा मुरगळतो. आणि दोन-तीन पोचे दुरुस्त केलेले दाखवा: दाबलेल्या जागेवर पुट्टीचा पातळ, असमान थर, त्यावर थोड्या वेगळ्या छटेचा रंग. हंगाम चालू असल्याची इतकी बोलकी खूण दुसरी नाही.

रंगाचे थर त्याच क्रमाने द्या ज्या क्रमाने त्या गाडीला मिळाले असतील. खाली कारखान्याचा गडद रंग, त्यावर मागच्या मालकाचा किंवा मागच्या हंगामाचा, त्यावर आजचा. मधल्या थरावर साधा हेअरस्प्रे मारून वाळू द्या, वर पाण्यात विरघळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचा थर द्या, आणि तासाभराच्या आत ओल्या ताठ ब्रशने कडा घासा. वरचा रंग खपल्यांनी निघतो आणि खालून गंजाऐवजी जुना रंग डोकावतो. तुम्हाला जुनेपणा हवा आहे ना, तो इथून येतो. उघडा पत्रा फक्त धक्कापट्टीवर आणि आजच्या ताज्या ओरखड्यांत. तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं की पुरे. खरा गंज सायलेन्सरच्या नळ्यांवर, पाट्यांच्या स्प्रिंगवर आणि खालच्या फरशीवर ठेवा, बाकी कुठे नको.

चिखलासाठी अंगणातली माती चाळून वापरू नका. मातीचा ०.२ मिलिमीटरचा कण या मापात पाच मिलिमीटरचा खडा होतो. सुके पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. ट्रॅकवर शर्यतीआधी पाणी मारत, रात्र चढत जाईल तसा तो वाळत जाई. म्हणून आधी ही भुकटी अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियममध्ये (चमक नसलेल्या, बिनरंगी अ‍ॅक्रिलिकमध्ये) कालवून केलेला जाडसर चिखल ताठ ब्रशवरून बोटाने उडवा, तो वाळल्यावर वरून फिक्या रंगाची कोरडी धूळ. धुळीवर वार्निश मारू नका, निम्मी धूळ नाहीशी होते आणि उरलेली काळवंडते. मॉडेल काचेच्या पेटीतच राहणार आहे, हात लावायचा कोणाला?

टायर किटमधले व्हिनिलचे असतील तर चमक घालवायला तीनशेवीसच्या पेपरवर घासून घ्या. जुन्या साच्याच्या किटमधलं व्हिनिल काही वर्षांत स्टायरिनच्या रिमला खाऊन टाकतं, तेव्हा रिम आणि टायर यांच्यामध्ये किचनमधल्या पातळ फॉइलची पट्टी घाला.

आकड्यांचं उत्तर: किटमधले नको. ते फार नेटके आणि नंतरच्या काळाच्या वळणाचे असतात. या गाड्यांवर आकडे ब्रशने रंगवलेले असायचे. कधी टेम्पोच्या फाळक्यावर नाव काढणाऱ्या आपल्याकडच्या पेंटरसारखा सराईत हात, कधी मालकाच्या धाकट्या भावाचा. पेन्सिलीने बाह्यरेषा काढा, शून्य नंबरच्या ब्रशने अ‍ॅक्रिलिक भरा, एकच हात द्या, ब्रशच्या रेघा राहू द्या. दोन्ही दारांवरचा आकडा एकमेकांशी तंतोतंत जुळला नाही तर बिघडत नाही. जाहिरात लावायचीच असेल तर एखाद्या स्थानिक गॅरेजची किंवा खानावळीची काल्पनिक ओळ लिहा. तेलाच्या कंपन्यांचे रंगीबेरंगी स्टिकर दाटीवाटीने लावायचा प्रकार पुढच्या काळातला. आणि क्रम चुकवू नका: आकडे खपल्या काढण्याच्या आधी, चिखल सगळ्यात शेवटी. आकडा स्वच्छ आणि भोवतालचं दार मळलेलं, हे फार वेळा पाहायला मिळतं.

राहिला एअरब्रश. घेऊ नका, निदान या गाडीसाठी तरी. यातल्या कित्येक गाड्या मुळात ब्रशनेच रंगवलेल्या होत्या, तेव्हा वरचा थर तुम्हीही रुंद मऊ ब्रशने दिलात तर ते जास्तच खरं दिसेल. प्रायमरला स्प्रेचा डबा पुरतो. फक्त पावसाळ्यात लॅकरचा डबा उघडू नका. हवेतल्या दमटपणामुळे वाळताना रंगावर पांढुरकी साय धरते, कोकणपट्टीत तर हमखास. ऊन पडलेल्या दुपारी, खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून काम करा. एअरब्रश आणि कॉम्प्रेसरच्या पैशांत १९४० फोर्ड कूपचं एखादं किट आरामात येतं. त्यातून तुम्हाला लागणारी पत्र्याची चाकं मिळतील, आणि उरलेल्या बॉडीवर खपल्या काढायचा सराव करता येईल. चांगल्या मॉडेलवर हात घालण्याआधी मी तरी तसंच करतो.